मापाचा अधिकार

गीतेच्या सहाव्या अध्यायात, जो दुसऱ्याचे सुखदुःख स्वतःवरून जाणतो त्याला परमयोगी म्हटले आहे. आणि इतरांसाठी घरे, भांडी, यंत्रे कल्पिणाऱ्या अभिकल्पकाला याहून उच्च आदर्श कोणता, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्याच्या हाती मोजपट्टी आहे त्याने एकट्यानेच हा आदर्श आचरला, म्हणजे त्याची परिणती काय होते?

ल कॉर्बुझिए या विख्यात वास्तुशिल्पज्ञाने ‘मोड्युलॉर’ ही मापपद्धती रचताना आरंभी १.७५ मीटर उंचीचा पुरुष प्रमाण धरला होता. पुढे, इंग्रजी कादंबऱ्यांतले देखणे पुरुष, जसे पोलीस शिपाई, सहा फुटी असतात असे एका सहकाऱ्याने सुचविले, फूट-इंचांचा हिशेबही सोयीने जुळला, आणि ते माप १.८३ मीटर ठरले. हाच पुरुष चंडीगडच्या वास्तूंच्या प्रमाणांत येऊन बसला. भारतीय स्त्रीची सरासरी उंची मात्र १.५२ मीटरच्या आसपास. कॉर्बुझिएच्या मनात कपट नव्हते. अखिल मानवाचेच माप आपण घेत आहोत अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा होती, आणि मला भय वाटते ते या प्रामाणिकपणाचेच, कारण कपट उघडकीस आणता येते, पण ज्याला आपले विशेषाधिकार निसर्गनियमासारखे भासतात त्याच्याकडे कैफियत तरी कोणत्या भाषेत मांडावी?

प्रामाणिकपणाप्रमाणे करुणाही अपुरी पडते, याचा दाखला पंढरपुरात आहे. तेथे गोरोबांचे मडके, सावतोबांचा मळा, नरहरींची सोनारकी ही ज्ञानाचीच साधने मानली गेली, चोखोबांवर संतमंडळींनी अपार प्रेम केले. तरी चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली, आणि ते द्वार अस्पृश्य गणलेल्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले.

शिक्षणाची कथा निराळी नाही. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. त्या विभागणीने पटाशी एकाच्या हाती आणि आराखड्याची पेन्सिल दुसऱ्याच्या हाती दिली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी अभिकल्पक दांपत्याने भारत सरकारसाठी लिहिलेल्या १९५८च्या अहवालात लोट्याची मनःपूर्वक स्तुती केली, आणि त्या अहवालाच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली, हे थोर कार्य होय. पण ज्या तांबटांच्या पिढ्यांनी तो लोटा घडविला, त्यांच्या मुलाला अशा विद्यालयांच्या परीक्षेत लागणारी चित्रकला आणि इंग्रजी सहसा गावच्या शाळेत भेटत नाही. त्याचा बाप वर्गात आलाच तर प्रात्यक्षिक दाखविण्यापुरता येतो. गुण देण्याची मुखत्यारी त्याला नसते. कारागिराच्या दारी जाऊन त्याच्या हुन्नराचे दस्तऐवज तयार करणे हा अभ्यासक्रमाचा स्तुत्य भाग मानला जातो, पण ते दस्तऐवज विद्यार्थ्यांच्या नावे दप्तरी दाखल होतात, आणि त्यांतील मापे बरोबर आहेत की नाहीत हे ठरविण्यासाठी जो परीक्षक नेमला जातो, तो कारागीर असावा अशी तजवीज अद्याप झालेली माझ्या पाहण्यात नाही.