मंगळाची फौज आणि पेठेतली झडती

एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी एप्रिल १८९७ पासून ‘पिअर्सन्स मॅगझिन’मध्ये क्रमशः छापून येऊ लागली. त्याच्या आदल्याच महिन्यात पुण्यात वॉल्टर रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरोघर झडत्या सुरू केल्या होत्या. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. तरीही या कादंबरीचे पडद्यावरचे अवतार एकापाठोपाठ एक पाहताना मला सारखं वाटत राहतं, की तिचा गाभा हॉलिवूडपेक्षा आमच्या शनिवार पेठेला अधिक नीट कळला असता.

तो गाभा वेल्स पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतात. मंगळवासीयांना निर्दय म्हणण्याआधी युरोपीय वसाहतवाल्यांनी टास्मानियातल्या मूळ रहिवाशांचं काय केलं ते आठवा, असं ते आपल्या इंग्रज वाचकाला बजावतात. जगावर राज्य करणाऱ्या माणसाला एका रात्रीत रयत करून टाकायचं, हा त्या कादंबरीचा डाव आहे. परग्रह, उष्णकिरण, तीन पायांची यंत्रं ही सगळी त्या डावाची साधनं.

पडद्यावर हा डाव कितपत टिकला, ते पाहायला एकच प्रसंग पुरे. निवेदक आणि एक धर्मोपदेशक पडझड झालेल्या घरात अडकले आहेत. बाहेर मंगळवासीयांचा तळ. उपदेशक भयाने बरळू लागतो, आरडाओरडा करतो. आवाज बाहेर जाईल म्हणून निवेदक त्याच्या डोक्यात सुऱ्याची मूठ हाणतो. मग यंत्राची एक लांब सोंड घर चाचपत आत येते आणि बेशुद्ध उपदेशकाला ओढून नेते. कोळशांच्या आड लपलेल्या निवेदकाच्या बुटाच्या टाचेला ती स्पर्श करते, कोळशाचा एक खडा उचलते आणि निघून जाते. तो स्वतःचा हात चावून ओरडणं आवरतो. प्रतिकार शून्य. हातातलं हत्यार चाललं ते आपल्याच माणसावर.

१९५३ साली जॉर्ज पाल यांची निर्मिती आणि बायरन हॅस्किन यांचं दिग्दर्शन असलेल्या चित्रपटाने ही गोष्ट कॅलिफोर्नियात नेली. शीतयुद्धाचा काळ होता. तिथे घरात शिरणाऱ्या यंत्राच्या डोळ्यावर नायक कुऱ्हाड चालवतो आणि तो डोळा तपासणीसाठी सोबत नेतो. भेदरट उपदेशकाचा तर कायापालटच झाला आहे: इथला धर्मगुरू प्रार्थना म्हणत यंत्रांना सामोरा जातो आणि हुतात्मा होतो. शेवट चर्चमध्ये. स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं आणि ते योग्यच होतं. पण वेल्सनी प्रेक्षकासमोर धरलेला आरसा त्यात कुठेच नाही. आपण निरपराध, हल्लेखोर बाहेरचा, एवढंच उरतं.

स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा २००५ चा चित्रपट मला अधिक प्रामाणिक वाटतो. त्यावर ११ सप्टेंबरची राख आहे, तरी त्यातला मुलगा फ्रान्सच्या अल्जीरियातल्या सत्तेवर शाळेचा निबंध लिहायचा आहे असं सांगतो. एवढ्या एका वाक्यातून टास्मानियाची आठवण डोकावते. तळघरातल्या झडतीच्या वेळी माणसं आरशाआड लपतात, पुढे कुऱ्हाड इथेही निघतेच. पण नायक सोबतच्या माणसाला बंद दाराआड ठार करतो, हे स्पिलबर्गनी गाळलेलं नाही. बीबीसीची २०१९ ची मालिका गोष्ट पुन्हा जुन्या इंग्लंडमध्ये नेते आणि साम्राज्याचा विषय उघड काढते. फक्त तो घडण्यापेक्षा बोललाच जास्त जातो.

आता त्या प्रसंगाशेजारी पेठेतला वाडा ठेवा. दिंडीदरवाजातून बूट आत येतात. चौक, ओसरी, माजघर, थेट देवघर. माणसांना उघड्यावर आणून तपासतात, आजारी दिसेल त्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत हलवतात, सामान जाळतात. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकर बंधूंनी रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे फेब्रुवारी १८९९ मध्ये, चापेकरांची माहिती सरकारला पुरवणाऱ्या द्रविड बंधूंनाही पुण्यातच मारण्यात आलं. निवेदकाच्या हातातला सुरा इथेही दिसतो. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा ‘२२ जून १८९७’ हा १९७९ चा चित्रपट मी म्हणूनच या रांगेत बसवतो. त्यात एकही यान नाही. पण परक्या सत्तेची सोंड घरात शिरल्यावर माणसाचं काय होतं, हा वेल्सचा प्रश्न त्यात पुरता आहे.

उद्या कुणा मराठी दिग्दर्शकाने ही कादंबरी शनिवार पेठेत घडवायची म्हटली, तर यंत्रं आणि वाडे संगणकावर उभे राहतील. खरी अडचण शेवटाची. वेल्सच्या गोष्टीत जंतू भूमिपुत्रांच्या बाजूने लढतात. पृथ्वीवरचे जंतू अंगवळणी नसलेले मंगळवासी त्यांनीच मरतात. पुण्यात जंतूंनी रयतच मारली आणि त्यांच्याच निमित्ताने सरकार माजघरापर्यंत पोचलं. प्लेग खराच होता, माणसं खरीच मरत होती, उपायांची गरजही खरी होती, आणि ते उपाय राबवणारी सत्ता जुलमी होती. उंदरावरच्या पिसवांमधून रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. त्याआधीच्या वर्षी सोल्जर देवघरात शोधत होते ते काही वेगळंच. सुटकेचा तयार शेवट इथे मिळणार नाही, आणि तो हॉलिवूडकडून उसना आणला तर चित्रपट तिथेच फसेल. जंतू आणि सत्ता दोघेही एकाच दाराने आत येतात, तिथपासून पटकथा सुरू करावी लागेल.