खरे आकडे आणि असत्य

एक किराणा दुकान विकावयाचे आहे. विकणारा दसरा-दिवाळीचा गल्ला दाखवितो आणि वर्षभर असेच चालते, अशी घेणाऱ्याची समजूत होऊ देतो. बुडीत उधारी खतावणीत ‘येणे’ म्हणून उभी असते. ते येणे आहेच, फक्त यावयाचे नाही. आकडा एकही खोटा नसता असत्य कोठे आहे? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम नुसत्या मौनाला कपट मानीत नाही. बोलणे कर्तव्य असले किंवा मौनच बोलण्यासमान ठरले तर मानते. घेणाऱ्याला साधारण दक्षतेने सत्य कळण्याजोगे होते काय, हेही १९ वे कलम पाहते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आचारधर्मात मात्र अहिंसा अग्रस्थानी आहे, आणि एखाद्याची जन्माची पुंजी जाणूनबुजून बुडविणे ही हिंसाच होय. तो गाफील राहिला, असे विकणाऱ्याने म्हणू नये. त्या गाफीलपणाचाच भाव त्याने घेतला आहे.