जीर्णोद्धार आणि फेरबदल

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या घरोघरी हत्यारांची पूजा होते. बेळगावच्या उद्यमबागेत त्या दिवशी लेथ यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात आणि एरवी तेलाने माखलेली अवजारे धुऊनपुसून पाटावर मांडली जातात. ज्या साधनाच्या बळावर आपण पोट भरतो त्याच्यापुढे वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, ही आपल्या पूर्वजांची शिकवण. गेल्या खंडेनवमीस टिळकवाडीतील एका परिचित घरी आम्ही गेलो असता पाटावर मोजपट्ट्या, पाने आणि डाखणी यांच्या ओळीत एक करडे, किंचित पिवळट पडलेले प्लास्टिकचे खेळणे दिसले. त्यालाही हळदकुंकू लागले होते. बरोबरच्या एका वृद्ध गृहस्थांनी भुवया उंचावल्या. अवजारांची पूजा समजू शकते, पण खेळण्याची?

या प्रश्नातून निघालेला वाद त्या दिवशी संपला नाही. तो पुढे मंदिराच्या सभामंडपापर्यंत आला आणि आम्हांस बरेच दिवस विचार करावयास लावून गेला. त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहो.

ते खेळणे म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘गेम बॉय’. १९८९ साली निघालेले हे यंत्र एका हातात मावते, चार पेन्सिल सेलांवर चालते आणि त्याच्या हिरवट पडद्यावर रंगाच्या केवळ चार छटा दिसतात. पडद्याला स्वतःचा उजेड नाही; दिव्याखाली किंवा खिडकीशी बसूनच खेळावे लागते. या घरी ते खाडी देशात नोकरीस असलेल्या मामांनी थोरल्या भाच्यासाठी आणले होते. तो मुलगा आज हयात नाही. धाकटा आता उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरी करतो आणि फावल्या वेळात असलीच जुनी यंत्रे उघडून दुरुस्त करतो. पडद्यावरच्या उभ्या रेघा नाहीशा झाल्या असतील तर काचेखालच्या पट्टीवरून गरम डाखणी अलगद फिरवून त्या परत आणतो; कोणाला नवे रंगीत कवच बसवून देतो, कोणाला मागून प्रकाश येणारा नवा पडदा. निपाणीपासूनची मुले त्याच्याकडे आपली यंत्रे घेऊन येतात. या छंदाला ते ‘मॉडिंग’ म्हणतात. आपण त्यास फेरबदल म्हणू.

भावाच्या यंत्रालाही नवे कवच आणि नवा पडदा बसवावा, असे धाकट्याच्या मनात आले. शिवाय एक निकडीचे कारण होते. या यंत्रात खेळाची जी कुपी घालतात, तिच्या आत पुष्कळदा नाण्याएवढा एक सेल डाखाने पक्का केलेला असतो. खेळणारा कोठवर पोहोचला, त्याने काय मिळविले, एवढेच नव्हे तर खेळाच्या आरंभी त्याने आपले म्हणून कोणते नाव घातले, ही सर्व आठवण त्या सेलाच्या बळावर टिकते. सेल पंधरावीस वर्षे जगतो. तो संपला की आठवण पुसली जाते. आणि गंमत अशी की, तो संपू नये म्हणून काढून नवा बसवावा, तर काढताक्षणीच आठवण पुसली जाते. त्या कुपीत थोरल्याचे नाव अजून होते. दिवाळीच्या सुमारास आई ते यंत्र सुरू करी, नाव पाही आणि बंद करी. तिने धाकट्यास निक्षून सांगितले, “हात लावूं नाका. तो अजून हांगाच आसा.”

आता यात योग्य कोण? हात न लावणारी आई, की हात लावू पाहणारा मुलगा?

सभामंडपातील चर्चेत पहिला आक्षेप आला तो असा की, हे सगळे रिकामटेकडेपणाचे लक्षण. खेळण्यात एवढा जीव कशाला घालावा? आम्हांस हे पटत नाही. ज्याने हे यंत्र घडविले त्या गुनपेई योकोई यांचीच गोष्ट पाहा. १९६५ साली ते निन्टेन्डोत लागले तेव्हा ती क्योतोतील पत्ते तयार करणारी कंपनी होती आणि योकोई यांचे काम पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करणे एवढेच होते. फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी लांबवर पोहोचणारा एक घडीचा हात बनविला. तो मालकांच्या दृष्टीस पडला आणि पुढच्याच वर्षी खेळणे म्हणून बाजारात आला. जे तंत्र जुने, स्वस्त आणि पूर्ण परिचयाचे झाले आहे त्यालाच नव्या वाटेने कामास लावावे, हे योकोई यांचे सूत्र होते. गेम बॉयचा साधा पडदा हे त्याचेच फळ. दुसऱ्याच्या यंत्रांची निगा राखणाऱ्या एका माणसाच्या रिकाम्या हातांतून ही परंपरा सुरू झाली. त्या यंत्राची निगा राखणाऱ्या रिकाम्या हातांस आज आपण दोष कसा द्यावा? पाटावर त्याला जागा मिळाली यातही आम्हांस वावगे दिसत नाही. पूजा वस्तूच्या किमतीची नसते, तिच्याशी जडलेल्या कर्तव्याची असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. कर्त्याने वस्तू जशी घडविली तशीच ती ठेवावी. तिच्यात फेरबदल करण्याचा अधिकार विकत घेणाऱ्यास कोठून आला? येथे दोन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात. आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू उघडणे, समजून घेणे, दुरुस्त करणे हा आपला अधिकार आहे, असे मत जगभर बळावत आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी एक समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल फोन, घरगुती उपकरणे व मोटारवाहने यांपासून आरंभ केला. पण वस्तू आपली झाली म्हणजे तिच्यातील रचना आपली झाली असे नाही. खेळ रचणाऱ्याने वर्षानुवर्षे खपून जे निर्माण केले त्याच्या फुकट नकला काढून वाटणे हे वेगळे कर्म आहे. १९५७ चा आपला लेखाधिकाराचा कायदा तर ते निषिद्ध मानतोच. पण कायदा नसता तरी अस्तेयाचे व्रत होतेच. पेटी उघडणे ही चोरी नव्हे. दुसऱ्याचे श्रम त्याला न विचारता लुटणे ही चोरी. फेरबदलाच्या छंदात या दोहोंमधील रेषा पुष्कळदा पुसट होते, म्हणून ती येथे स्पष्ट करणे आम्हांस अवश्य वाटते.

तिसरा आक्षेप आईचा होता आणि तोच खरा. कवच बदलले, पडदा बदलला, सेल बदलला. मग हे ‘त्याचे’ यंत्र कसे राहिले?

प्रश्न जुना आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजाबद्दल विचारला: एकेक फळी बदलत गेली, तर जहाज तेच का? ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदास रथाविषयी विचारतो की, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का. आणि रथ हे केवळ एक व्यवहाराचे नाव आहे असे दाखवून देतो. आपले नैयायिक म्हणतात, अवयवी हा अवयवांहून भिन्न आणि खरा आहे. तथापि एखादा अवयव गेला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. वेदान्ती ‘सोऽयं देवदत्तः’ हे उदाहरण घेतात. तेव्हाचा आणि आताचा, तेथला आणि येथला, हे परस्परविरुद्ध भाग सोडून जो उरतो तो देवदत्त. या मतांचा निवाडा करण्याची आमची योग्यता नाही. परंतु आपल्या समाजाने हा प्रश्न केवळ ग्रंथांत सोडविलेला नाही. तो आचरून सोडविला आहे.

१५६० साली श्रीमंगेशाचे लिंग कुशस्थळीहून हलवून प्रियोळास आणावे लागले. श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. मूळ देवालये राहिली नाहीत. नव्या जागी आधी लहान आसरे झाले, मग शिखरे उठली, सभामंडप झाले, दीपस्तंभ उभे राहिले. चिरे नवे, गाव नवे, आणि काळही नवा. पण कुलदेवतेस नमस्कार करताना ‘ही दुसरी कोणी’ असे आपल्या पूर्वजांच्या मनात कधी आले नाही. ज्या गावांतून आपण राहतो तीही काही निराळी नाहीत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, २०१४ साली त्याचे सरकारी नाव बेळगावी झाले. पाट्या बदलल्या, तरी कपिलेश्वराच्या घंटेचा नाद ऐकून सकाळी दार उघडणारा माणूस आपले गाव ओळखतोच.

मग बदलात काय राखावयाचे? याचे उत्तर जीर्णोद्धाराच्या विधीत आहे. देवालयाचे जुने गर्भगृह उतरविण्यापूर्वी देवतेचे तत्त्व मंत्रपूर्वक कलशात घेतात, तात्पुरत्या स्थानी त्याची नित्य पूजा चालू ठेवतात आणि काम पुरे झाल्यावर पुन्हा प्रतिष्ठा करतात. आधी पहार आणि मग मंत्र असा क्रम आपल्याकडे नाही. देवालयाची आणि खेळण्याची तुलना कोणास अनुचित वाटेल. पण आम्ही वस्तूंची तुलना करीत नाही, कर्तव्याच्या क्रमाची करीत आहो. जीर्ण वस्तूस हात घालणाऱ्याने प्रथम विचारावे की, हिच्यात जपण्याजोगे ते कोणते? मग विचारावे की, त्यात माझ्यावाचून आणखी कोणाचा वाटा आहे? आणि शेवटी, मी जे काढीन ते परत बसविता येईल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर केलेला फेरबदल तो जीर्णोद्धार. ती न विचारता केलेला, मग तो कितीही देखणा असो, विध्वंसच.

त्याचबरोबर आईच्या बाजूचेही थोडे परीक्षण केले पाहिजे. हात न लावणे हेही नेहमी रक्षण नसते. कुपीतला सेल कोणी स्पर्श केला नाही तरी संपणारच होता. गळके शिखर ‘जुने आहे, पवित्र आहे’ म्हणून तसेच ठेवणारा भक्त देवतेस पावसात उभी करतो. श्रद्धेने हात आखडणे आणि भीतीने हात आखडणे यांचे रूप बाहेरून एकच दिसते. म्हणून आपले आपणच तपासावे लागते.

हे सर्व आम्ही त्या घरी जाऊन बोललो. मुलाने ऐकून घेतले आणि एक गोष्ट सांगितली, जी आम्हांस ठाऊक नव्हती. कुपीतील आठवण एका लहानशा उपकरणाने आधी संगणकात उतरवून घेता येते. मग सेल बदलावा आणि आठवण पुन्हा कुपीत भरावी. कलशाचीच ही रीत! फक्त, तो म्हणाला, “आईला हे अगोदर सांगायला हवे होते. मी कवचाच्या रंगाचेच बोलत बसलो.”

त्याच्या या एका वाक्यात आम्हांस साऱ्या वादाचे मर्म दिसले. त्याचे कौशल्य उणे नव्हते, हेतूही वाईट नव्हता. उणे होते ते विचारणे. ज्या वस्तूत दुसऱ्याचे दुःख राहावयास आले आहे, ती कागदोपत्री आपली असली तरी एकट्याची नसते.

शेवटी आईच्या समोर बसून त्याने कुपी उघडली. आठवण उतरवून घेतली, ती नीट आली आहे हे तिला संगणकाच्या पडद्यावर दाखविले, मगच डाख सोडविला. नवा सेल बसला, आठवण परत भरली, यंत्र सुरू झाले आणि नाव दिसले. ती काही बोलली नाही. डोळे पुसून तिने चहा ठेवला. कवच मात्र तिने बदलू दिले नाही. त्यावर थोरल्याच्या अंगठ्याने झिजलेली एक जागा आहे. पडदाही जुनाच राहिला. नाव पाहावयाचे तर अजून खिडकीशीच जावे लागते. धाकट्याने आग्रह धरला नाही. जुना सेल त्याने चिठ्ठी लावून एका डबीत ठेवला आहे.

नवा सेलही पंधरावीस वर्षांनी संपेल. तेव्हा आई असेल की नाही, कोणी सांगावे. पण घरातल्या कोणीतरी पुन्हा तीच पेटी उघडावी लागेल. कोणतेही शिखर एकदाच बांधून होत नाही. प्रत्येक पिढीस आपल्या वाट्याचा जीर्णोद्धार करावाच लागतो. हाती आलेली वस्तू पुढच्याच्या हाती देताना तिच्यात काय जपले आणि काय बदलले, हे त्याला सांगून द्यावे, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.