ठेवा

दसऱ्याचे सोने वाटून झाले आणि आमच्या जुन्नरच्या घरातील संगणकाने अंथरूण धरले. सकाळी तो सुरू होईपर्यंत माझा चहा होऊन वर्तमानपत्रही वाचून होई. दिवाळीसाठी पुण्याहून आलेल्या पुतण्याने त्याची नाडी पाहिली व निकाल दिला, "काका, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकावी लागेल. काय ठेवायचं तेवढं आधी सांगा. बाकीचं जाईल."

मी चरकलो. धरणात घर जाणाऱ्या माणसाला हाच प्रश्न पडत असेल. आमच्या शेजारच्या आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेरी घोडेगावला, नाव तेवढे आंबेगावचे राहिले. माझ्या आईचे माहेर त्या गावचे. देव, भांडी, जाते तिच्या माहेरच्यांना गाडीत घालून आणता आले. आळी कशी आणणार? म्हणून आईला शेजारी बसवून मी ती आळी संगणकावर टंकून घेतली होती. कोणाच्या घराला लागून कोणाचे घर, कोणाच्या परसात कोणते झाड, सारे ओळीने. पुढे आई गेली.

"आजीची आळी आधी," मी म्हणालो. माझ्या तक्रारअर्जांचे अकरा कच्चे खर्डे मात्र मी आनंदाने सोडून दिले. सारेच जपायचे म्हटले की जपायचे तेच अडगळीत हरवते.

पुतण्या शिस्तीचा. डेस्कटॉपवरच्या फाईली बहुधा ज्या भागावर विंडोज असते त्याच भागावर असतात, म्हणून पुसताना त्याही जातात, हे त्याने मला समजावले. साऱ्या फाईली वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्या. एक प्रत घरात, दुसरी पुण्याला. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर चोराचीच सोय! "आणि उघडून पाहिल्याशिवाय प्रत झाली असं म्हणायचं नाही," असे बजावून त्याने ती डिस्क आपल्या संगणकाला जोडली.

लग्नांचे फोटो उघडले. आळीही उघडली, पण पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमिड!

"फाईल शाबूत आहे, काका. तुमचा जुना फाँट माझ्याकडे नाही."

युनिकोड रुळण्यापूर्वी आपण ज्या फाँटांत मराठी लिहीत होतो, त्यांतील अनेकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असत. यंत्र साठवी इंग्रजी अक्षरे. फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवी. फाँट गेला की मुखवटा गेला. न तपासता पुसले असते, तर आळी हाती असून वाचता आली नसती.

"शेवटची कधी उघडली होती?" त्याने विचारले. मी हिशेब केला. चौदा वर्षे झाली होती.

त्या रात्री मला नाणेघाटातले लेणे आठवत राहिले. तेथे सातवाहनांच्या यज्ञांची आणि दक्षिणेची नोंद ब्राह्मी लिपीत कोरलेली आहे. राजकुलातील मूर्ती नाहीशा झाल्या. त्यांच्यावरची राणी नागनिकेसारखी नावे उरली. कोकणात उतरणारे किती तांडे त्या भिंतीसमोर विसावले असतील! पण लिपी विस्मरणात गेली होती. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मीचा उलगडा केला तेव्हा ती अक्षरे पुन्हा बोलू लागली. कातळाने आपले काम चोख केले होते. खंड पडला होता तो वाचणाऱ्यांत.

माझेही तसेच नव्हते काय? टंकून ठेवले, कर्तव्य झाले, असे मानून मी आईला विसरण्याची मोकळीकच घेतली होती. प्रत काढणे हा कित्येकदा विसरण्याचा सभ्य परवाना असतो. ठेवा ठेवणाऱ्याच्या माथी आणखी एक ऋण असते: तो उघडायचा, वाचायचा, आणि वाचू शकेल अशा कोणाच्या तरी हाती द्यायचा.

दुसऱ्या दिवशी जुन्या संगणकातून फाँट काढून घेतला, मजकूर युनिकोडमध्ये आणला, कागदावरही छापला. मगच विंडोज पुसली.

भाऊबीजेला ओवाळणी झाल्यावर मी तो कागद मोठ्याने वाचला. मोठी माणसे गप्प होती. धाकटी नात तेवढी मध्येच म्हणाली, "आजोबा, त्या परसातल्या चिंचेला चिंचा यायच्या का?"

कागदावर ते नव्हते. पण मला आठवत होते. मी सांगू लागलो.