झाकली मूठ

१९८९ साली गौरीजेवणाच्या दिवशी आई "डोकं फुटतंय रे" म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मी तेव्हा एमबीबीएसला होतो. घरात ‘ब्रेन हॅमरेज’ एवढाच शब्द उच्चारला गेला. कुणी म्हणालं बीपी असेल, कुणी म्हणालं नशीब.

तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, नाशिकला ताईला तसाच झटका आला. ती वाचली, पण उजवा हात अधू झाला. अँजिओग्राफीत मेंदूच्या धमनीवर ॲन्युरिझम सापडला. जुन्या सायकल ट्यूबला कमकुवत जागी फुगवटा यावा तसा हा प्रकार. धाकट्या भावाला कळवायला हवं असं मी म्हणताच भावजी म्हणाले, "एवढ्यात कुठे बोलू नकोस. पोरीला स्थळं बघतोय. झाकली मूठ सव्वा लाखाची."

भावजींना काय दोष द्यायचा? मीही गप्पच बसलो. पंचवीस वर्षं रुग्णांना "भावंडांना सांगा" म्हणणारा मी! खरं कारण असं, की भावाला सांगायचं तर आधी माझी तपासणी करावी लागणार होती.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. साधारण ३ टक्के प्रौढांच्या मेंदूत असा फुगवटा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. फुटला तर मात्र निदान एक तृतीयांश रुग्ण दगावतात. आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल तर एमआर अँजिओग्राफीचा सल्ला देतात. एकालाच असेल तर सरसकट तपासणीचा उपयोग होतोच असं नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात अशा ६२६ नातलगांची तपासणी केली. २५ जणांत ॲन्युरिझम आढळले, १८ जणांवर शस्त्रक्रिया झाली आणि सहा महिन्यांनी त्यांतल्या ११ जणांची कार्यक्षमता पूर्वीपेक्षा कमी झाली होती. धडधाकट माणसं तपासायला गेली आणि रुग्ण झाली! शिवाय अमेरिकेत २००८ च्या कायद्यामुळे आरोग्य विमा कंपन्यांना घराण्यातल्या आजारांवरून हप्ता वाढवता येत नाही, पण आयुर्विम्याला ते संरक्षण नाही.

मग न कळलेलंच बरं का? पुष्कळ विचारांती मला वाटतं, आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. तपासणी करायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ते ठरवण्यासाठी लागणारी माहिती अडवून धरण्याचा अधिकार कुणालाच नाही. आईचं रक्त आम्हा तिघांत सारखंच वाटलं गेलं आहे, मग तिच्या मृत्यूचं कारण माझ्या एकट्याच्या मालकीचं कसं?

२०२१ मध्ये मी तपासणी केली. तीन मिलिमीटरचा फुगवटा निघाला. शस्त्रक्रियेची गरज नाही, अधूनमधून तपासत राहायचं. काही रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो. नंतर भावाला फोन केला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, मला नाही तपासायचं." मी आग्रह केला नाही. पण त्याने वीस वर्षांची सिगारेट सोडली आणि बीपीची गोळी नियमित घेऊ लागला. धूम्रपान आणि उच्च रक्तदाब हेच या आजाराचे मोठे साथीदार, तेव्हा त्या एका फोनने निम्मं काम झालं. भाचीला ताईनेच सगळं सांगितलं. एक स्थळ मोडलं. ज्यांना सारं सांगून लग्न ठरवलं, त्या घरी ती आज सुखात आहे.

या गणेशोत्सवात भारतात फोन कराल तेव्हा घरातल्या मोठ्यांना जरूर विचारा : आजोबा कशाने गेले? आत्या कशाने गेली? उत्तरं वहीत लिहून मुलांच्या हाती द्या. आणि आयुष्यात कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी अचानक सुरू झाली, तर बाम चोळत बसू नका, लगेच ९११ ला फोन करा.

विघ्नहर्त्याकडे आपण विघ्न टळावं म्हणून मागणं मागतो. तो बुद्धीचाही दाता आहे. मूठ उघडण्याची बुद्धी त्याने आपणा सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.