वकिलाचें मौन आणि लेंकराचें हित

केळशीसारख्या गांवीं पुष्कळ पुरुष पोटासाठीं मुंबईस राहतात व बायका मुलांसह घर सांभाळतात. तेथें नवराबायकोंत वितुष्ट आलें कीं लेंकरूं कोणापाशीं राहावें हा तंटा उठतो. असें समजा कीं, एक माता दापोलीस वकिलाकडे जाऊन रडत सांगते, "साहेब, रागाच्या भरांत मीं पोराला एकदां फार मारलें." वकिलानें हें न्यायाधीशास कळवावें काय? मुलाच्या हितासाठीं कळवावें, असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं.

अशिलाच्या स्पष्ट संमतीवांचून त्याचें बोलणें उघड करण्यास १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें वकिलास मनाई केली. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या १३२ व्या कलमांत तोच नियम आहे. काम संपलें तरी बंधन सुटत नाहीं. वकिलाचा कारकून व दुभाषा हेही त्यांत येतात. हें योग्यच आहे. गुपित फुटेल अशी भीति असती, तर ती माता बोललीच नसती, आणि "बाई, हात आवरा, नाहींतर मूल कांहीं दिवस आजीपाशीं ठेवा," असें तीस कोणीं सांगितलें असतें?

परंतु मौन म्हणजे असत्य नव्हे. "हिनें मुलास कधीं बोटही लावलें नाहीं," असें त्या वकिलानें न्यायालयांत म्हणूं नये. तसेंच, "हुकूम मोडून मूल पळवितों, युक्ति सांगा," असें बाप म्हणेल, तर त्या बोलण्यास संरक्षण नाहीं. बेकायदा हेतु साधण्यासाठीं केलेलें बोलणें कायदा झांकीत नाहीं.

मग लेंकराची बाजू कोण मांडणार? १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमाप्रमाणें न्यायाधीशानें मुलाचें कल्याण पाहावयाचें असतें, व तें समजूतदार असल्यास त्याची इच्छाही विचारांत घेतां येते. मुलें ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं रोझी जेकब यांच्या खटल्यांत सांगितलें. पण न्यायाधीश केळशींत राहत नाहीं. मुलाच्या पाठीवरील वळ शेजाऱ्यानें पाहिले, शाळामास्तरानें पाहिले, कदाचित् आम्हींही पाहिले.

वाचकहो, अशिलाबरोबर दुभाषा म्हणून गेलां असाल, तर तेथें ऐकलेलें पोटांत ठेवा. परंतु जें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें, तें विचारलें असतां सांगा. वकिलाचें मौन हें त्याचें कर्तव्य होय. "दुसऱ्याच्या घरांत कशाला पडा," म्हणून धरलेलें आमचें मौन हा भित्रेपणा होय.