कुणाला काही विचारायचंय?

एक पाथरवट होता. त्याच्या हाताखाली एक पोरगा काम शिकत होता.

गोष्ट पाचव्या शतकातली, वाघूर नदीच्या वळणावरची. आज त्या जागेला आपण अजिंठा म्हणतो. तिथे डोंगराच्या पोटात एक मोठं चैत्यगृह कोरायचं काम चाललं होतं. त्याच्या डाव्या भिंतीवर भगवान बुद्धांचं महापरिनिर्वाण कोरायचं ठरलं. कुशिनाराच्या सालवनात, दोन झाडांच्या मध्ये, उजव्या कुशीवर निजलेले 80 वर्षांचे बुद्ध. मूर्तीची लांबी सुमारे सात मीटर.

खडकातलं काम वरून खाली येतं. बुद्धांचा चेहरा आणि देह म्हाताऱ्या पाथरवटाने कोरला. खाली मंचकाच्या कडेला शोक करणाऱ्या शिष्यांची रांग यायची होती. ती त्याने पोराला दिली.

पोराला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला.

रोज दिवस मावळला की हत्यारं गोळा होत. म्हातारा हातावरची धूळ झटके आणि सगळ्यांना एकच विचारी, "कुणाला काही विचारायचंय?"

कुणी विचारी, कुणी गप्प राही. पोरगा नेहमी गप्प. तीन वर्षं झाली होती. आता विचारायचं म्हणजे तीन वर्षं काय केलं, असं लोक म्हणतील, असं त्याला वाटे.

मूर्तीचा चेहरा पुरा झाल्यावर लोक बघायला येऊ लागले. पैठणहून उत्तरेला जाणारे तांडे दरीत उतरत. माणसं आत येत, त्या निजलेल्या चेहऱ्यासमोर उभी राहत आणि बोलू लागत. खाली दगडाच्या कडेला पोरगा बसलेला आहे, हे अंधारात कुणाला दिसत नसे. सगळ्यांचे प्रश्न त्याच्या कानांवर पडत.

एक व्यापारी आला. हात जोडून म्हणाला, "भगवंता, हे जग कधी सुरू झालं? कधी संपणार? एवढं तुम्हाला विचारायचं राहिलं." मग तो बाहेर गेला आणि एक खांब दान करायला किती खर्च येतो, याची चौकशी करू लागला.

पोरगा हसला. लेण्यातला म्हातारा भिक्षू दिवा घेऊन जवळच उभा होता. पोराने त्याला विचारलं, "भंते, भगवंत असते तर त्यांनी याला काय सांगितलं असतं?"

"काही नाही," भिक्षू म्हणाला. "मालुंक्यपुत्त नावाच्या शिष्याने हेच विचारलं होतं. जगाला आदि आहे का, अंत आहे का, मेल्यावर तथागत उरतात का. उत्तर मिळालं नाही तर संघ सोडून जाईन, असंही म्हणाला. भगवंतांनी त्याला विषारी बाण लागलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. वैद्य बाण काढायला आला, तर हा म्हणतो, थांबा. बाण मारणारा कोण, उंच की ठेंगणा, कुठल्या गावचा, धनुष्य कशाचं, दोरी कशाची, ते आधी सांगा. तेवढं कळायच्या आत माणूस मरेल."

"म्हणजे भगवंतांना ठाऊक नव्हतं?"

"कोसंबीला एकदा त्यांनी मुठीत शिंसपा झाडाची पानं घेतली. म्हणाले, रानात पानं पुष्कळ आहेत, मुठीत थोडी आहेत. मला कळलं ते रानाएवढं, तुम्हाला सांगितलं ते मुठीएवढं. दुःख संपवायला लागतं तेवढंच सांगितलं."

पोराला हे आवडलं. नंतर त्याला लोकांचे प्रश्न ऐकायचा नादच लागला. कोण मुठीतला प्रश्न विचारतो आणि कोण रानातला, हे तो मनातल्या मनात ठरवी. दुसऱ्याचे प्रश्न तोलण्यात वेळ कसा छान जातो, ते त्याच्याकडून शिकावं.

एक दिवस एक बाई आली. काखेत रिकामी झोळी होती. ती काहीच बोलली नाही, मूर्तीच्या पायाशी जाऊन बसली. बऱ्याच वेळाने पुटपुटली, "माझंच का?"

पोराने भिक्षूकडे पाहिलं. किसागोतमीची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत आली, तेव्हा भगवंतांनी तिला ज्या घरात कुणी मेलेलं नाही त्या घरून मोहरी आणायला धाडलं होतं. आता भिक्षू हिला तीच गोष्ट सांगेल, असं पोराला वाटलं. भिक्षूने दिवा खाली ठेवला आणि बाईपासून थोडं दूर, जमिनीवर बसला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच बसून होता. त्या दिवशी त्याने कुणालाच काही सांगितलं नाही.

इकडे पोराच्या दगडात काही वेगळंच चाललं होतं.

चांगला पाषाण टाकीखाली खणखणतो. रांगेतल्या सातव्या शिष्याचा चेहरा जिथे यायचा होता, तिथे हातोडा पडला की बद्द आवाज येई. या काळ्या खडकाच्या पोटात कुठे कुठे पोकळ्या असतात, त्यात पांढरे खडे भरलेले असतात. वरून काही दिसत नाही, फक्त आवाज बदलतो.

पोराला आवाज कळला. काय करायचं ते कळलं नाही.

संध्याकाळी म्हाताऱ्याने धूळ झटकली. "कुणाला काही विचारायचंय?"

पोराने तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारचा गडी म्हणाला, "आबा, याला काय विचारायचं असणार? हा आता तुमच्या बरोबरीचा झाला." सगळे हसले. पोरगाही हसला आणि त्याने तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. म्हातारा विचारी, पोरगा पायाच्या अंगठ्याकडे बघत बसे. सातवा शिष्य सोडून त्याने आठवा कोरला, नववा कोरला. मधली जागा तशीच राहिली.

पावसाळ्यात म्हाताऱ्याला ताप आला. त्याला पालखीत घालून गावी नेलं. दहाव्या दिवशी निरोप आला की आबा गेले.

आता रांग पुरी करणं भाग होतं. पोराने सातव्या जागेवर टाकी ठेवली. कपाळ झालं, भुवया झाल्या. नाकावर घाव पडला आणि अर्धा चेहरा ढलपीसारखा निघून खाली पडला. आत पांढऱ्या खड्यांची वाटीभर पोकळी होती.

पोराने टाकी फेकली. वर चढून तो बुद्धांच्या चेहऱ्यासमोर उभा राहिला. इतके दिवस लोकांना हसला होता, आता तोच हात जोडून बोलू लागला, "भगवंता, आता मी काय करू?"

मागून दिव्याचा उजेड आला. भिक्षू म्हणाला, "हे भगवंतांना ठाऊक नाही रे. त्यांनी कधी टाकी धरली नव्हती. ज्याला ठाऊक होतं तो तुला रोज विचारत होता."

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. भिक्षूने त्याला खाली बसवलं.

"हा जो प्रसंग तू कोरतोयस," तो म्हणाला, "त्या रात्री काय झालं, ठाऊक आहे? सुभद्द नावाचा परिव्राजक प्रश्न घेऊन आला. भगवंत थकलेले होते. त्यांच्या सेवेतला शिष्य आनंद, त्याने त्याला तीनदा परत लावलं. भगवंतांनी ते ऐकलं आणि म्हणाले, येऊ दे त्याला. मरणाच्या दारातही त्यांनी प्रश्न परत पाठवला नाही. मग भिक्षूंना म्हणाले, कुणाला काही शंका असेल तर आता विचारा. मागाहून खंत करू नका की शिकवणारा समोर होता आणि आम्ही विचारलं नाही. कुणी बोललं नाही. पुन्हा म्हणाले, पुन्हा कुणी बोललं नाही. तिसऱ्यांदा विचारूनही सगळे गप्प. तेव्हा म्हणाले, माझ्या आदरामुळे विचारत नसाल, तर मित्राने मित्राला सांगावं."

"म्हणजे त्यांना शंका नव्हतीच?"

"ग्रंथ तसंच सांगतात, आणि मी तसंच मानतो. पण पुढचं ऐक. त्यानंतर राजगृहाला 500 भिक्षू बसले. 45 वर्षांचा उपदेश गोळा करायचा होता. उपालीने विनय, म्हणजे संघाचे नियम सांगितले, आनंदाने धम्म सांगितला. आनंद 25 वर्षं भगवंतांच्या सावलीसारखा राहिला होता. त्याला सगळं पाठ. तो म्हणाला, भगवंत जाताना म्हणाले होते, संघाला वाटलं तर बारीकसारीक नियम सोडून द्यावेत. थेरांनी, म्हणजे वडीलधाऱ्या भिक्षूंनी विचारलं, बारीकसारीक म्हणजे कोणते? आनंद म्हणाला, ते मी विचारलं नाही."

पोरगा ऐकत राहिला.

"मग एक थेर म्हणाले हे बारीक, दुसरे म्हणाले ते बारीक. एकमत होईना. शेवटी महाकस्सप म्हणाले, एकही सोडायला नको, एकही वाढवायला नको. आनंदाला दोष पत्करावा लागला. त्याने सांगितलं, माझ्या ध्यानातच आलं नाही." भिक्षूने दिव्याची वात सारखी केली. "पोरा, मी भिक्षापात्र कसं धरतो, चीवर कसं नेसतो, सगळ्याला नियम आहे. त्यातले किती भगवंतांनी आपणहून सोडायला सांगितले असते, कोण जाणे. विचारायला एक क्षण लागला असता."

"आनंदासारख्याचं असं झालं, मग माझं काय?"

"तुझं सोपं आहे. आनंदाला विचारायला दुसरा कुणी उरला नव्हता. तुझ्या आबांना ओळखणारा अजून कुणी आहे का बघ."

पोरगा उठला. दरीत नदीकाठी लोहाराचं पाल होतं. तीस वर्षं तो आबांच्या टाक्यांना पाणी देत आला होता. त्याने कधी एक मूर्ती कोरली नव्हती. पोराला वाटलं, याला विचारायचं? तो दोनदा अर्ध्या वाटेवरून परतला. तिसऱ्यांदा गेला.

"लोहारमामा, दगड फुटला. आबा असे फुटलेले दगड कसे सावरायचे?"

लोहाराने भाता थांबवला. "फुटायच्या आधी यायचं होतंस. आवाज बद्द आला की तुझे आबा जाड टाकी ठेवून द्यायचे. माझ्याकडून बारीक करून घ्यायचे, तिरकी धरायचे, चारी बाजूंनी सोडवत जायचे."

"आणि फुटल्यावर?"

"फुटल्यावर मागे सरायचे. दगडात आणखी आत जागा असतेच. ताठ मान गेली तर झुकलेली मान काढायची. तोंड गेलं तर तोंडावर हात आणायचे. नाहीतरी रडणारी माणसं आहेत ती, तोंड झाकलं तर बिघडलं कुठे?"

पोरगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, आबांना तो बद्द आवाज ऐकू येत नव्हता का?"

"येत होता की. मला म्हणाला, पोराच्या सातव्या जागेत पोकळ आहे, बारीक टाकी करून ठेव, मागायला येईल." लोहाराने पालाच्या कोपऱ्यातून फडक्यात गुंडाळलेली टाकी काढली. तिला अजून दगड लागला नव्हता.

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"विचारत होता ना रोज?"

पोराने ती टाकी घेतली. पोकळीच्या मागे तो चार बोटं आत गेला. सातव्या शिष्याची मान खाली झुकली आणि त्याच्या तोंडावर हात आले.

पुढे तो पोरगाही म्हातारा झाला. त्याच्या हाताखाली पोरं आली. दिवस मावळला की तो धूळ झटके आणि विचारी, "कुणाला काही विचारायचंय?" पोरं गप्प राहत. तो पुन्हा विचारी. तिसऱ्यांदाही कुणी बोललं नाही तर म्हणे, "माझी लाज वाटत असेल तर शेजाऱ्याला सांगा. तो मला सांगेल." तेव्हा हमखास कुणीतरी कुणाच्या तरी कानाशी लागे.

अजिंठ्याला कधी गेलात तर 26 क्रमांकाच्या लेण्यात डावीकडे वळा. बुद्धांचा चेहरा डोळे भरून बघा, आणि मग खालची रांगही बघा. सातवा कोण, ते शोधत बसू नका, ही तर गोष्ट आहे. भगवंतांना विचारायचा एखादा मोठा प्रश्न मनात असेल, तर तो तिथे सांगून या. पण ज्याचं उत्तर घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी आहे, तो प्रश्न आज संध्याकाळी विचारा.